घसरणीचे माप

जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी टॉर्क कन्व्हर्टरचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, ते जहाजांसाठी. १९४८ मध्ये ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’ने तो अमेरिकन मोटारीत आणला. ब्यूइकची मालक जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला मोटारी जोडत असे.

त्या पिढीची स्वयंचलित गाडी आज वसईत दुरुस्त करायची, तर कन्व्हर्टर कोणता निवडावा? चाके थोपवून धरली असता इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत चढते, तो ‘स्टॉल स्पीड’. शर्यतीच्या कन्व्हर्टरचा हा आकडा चढा असतो. जुने इंजिन मात्र कमी फेऱ्यांतच जोर देते. वसई फाट्याच्या रखडत्या वाहतुकीत चढा कन्व्हर्टर घसरत राहतो आणि वाया गेलेली शक्ती तेल तापवते. म्हणून मूळ आकडाच जपावा. जुन्या संहितेत आकर्षक पाठ घुसडणारा संपादक ग्रंथ वाचवतो, इतिहास नव्हे.