खोकला काढायचा कसा? : ऑडॅसिटी आणि घरचं रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर असेल. लाल बटण दाबायचं, बोलायचं, पडद्यावर निळ्या लाटा उमटतात, नको तो भाग निवडून डिलीट करायचा. आज आपण त्या डिलीटचाच इतिहास बघणार आहोत, आणि त्यासाठी आधी टेपकडे जायला हवं.

आकाशवाणीच्या स्टुडिओत पाव इंची टेपवर काम चालायचं. टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरत असेल, तर वक्त्याचा एका सेकंदाचा खोकला म्हणजे १९ सेंटिमीटर फीत. ती ब्लेडने कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. काप तिरका द्यायचा, म्हणजे सांधा कानाला खटकत नाही. हात चुकला आणि एखाद्या शब्दाचं शेपूट गेलं, तर कापलेला तुकडा शोधून परत जोडत बसायचं. घरी हा उद्योग करणारे हौशी लोक थोडेच.

संगणक आला तेव्हा वाटलं, चला, ब्लेड सुटलं. पण तसं नव्हतं हो! सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज तासाला सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. फाइल म्हणजे एकापुढे एक लिहिलेले आकडे. सुरुवातीचाच खोकला काढला, तर त्यामागचे सगळे आकडे पुढे सरकवायचे, म्हणजे जवळजवळ सगळी फाइल नव्याने लिहायची. शिवाय चुकलं तर परत यायचं असेल, म्हणजे अनडू हवं असेल, तर जुनी प्रतही सांभाळायची. दुसरा मार्ग होता : मूळ फाइलला हात लावायचा नाही, फक्त कापांची यादी ठेवायची. पण काप वाढत गेले की वाजवताना डिस्कवर इकडून तिकडे उड्या मारत बसावं लागतं.

१९९९ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांनी ऑडॅसिटीचं काम सुरू केलं. हेतू संशोधनाचा होता. त्यांनी वाट काढली ती अशी : शिवलेल्या वहीऐवजी सुटी पानं वापरायची. आवाजाचे छोटे छोटे ठोकळे करायचे आणि प्रत्येक ठोकळा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचा. मधलं काही काढलं, तर कापाच्या कडेचे एक-दोन ठोकळेच नव्याने लिहायचे. बाकीचे जागच्या जागी राहतात, बदलतो तो फक्त त्यांचा क्रम. ठोकळा एका मर्यादेपेक्षा लहान होऊ द्यायचा नाही, नाहीतर शेवटी भुगाच उरेल. आणि अनडू? जुना क्रम आणि जुने ठोकळे फेकले नाहीत की झालं. म्हणजे तासाभराच्या भाषणातला खोकला साध्या संगणकावरही क्षणात निघतो आणि चुकून गेलेला शब्द परत येतो. आमच्या मते घरच्या संपादनाची खरी कळ इथे आहे. फुकट मिळणं ही त्यानंतरची गोष्ट.

मे २००० मध्ये ऑडॅसिटी लोकांसाठी खुली झाली, जीपीएल परवान्याखाली. कुणीही वापरा, बदला, वाटा. वाटताना हेच हक्क पुढच्यालाही द्या.

याच कल्पनेची एक खोडही होती. प्रकल्प म्हणजे एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी ठोकळ्यांनी भरलेलं फोल्डर. लोक छोटी फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि दुसऱ्या संगणकावर उघडली की आवाज गायब! (हसू नका, आम्हीही हे केलं आहे.) मार्च २०२१ मधल्या ३.० आवृत्तीत हे सगळं एकाच फाइलमध्ये आलं.

दुसरी अडचण एमपीथ्रीची. २००५ मध्ये ह्यू मॅग्वायर यांनी माँट्रियलमधून लिब्रिव्हॉक्स सुरू केलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक घरी बसून वाचतात आणि ती सर्वांना मोफत ऐकता येतात. त्यांतल्या अनेकांच्या हाती ऑडॅसिटीच होती. पण तयार वाचन एमपीथ्रीत द्यायचं, आणि त्या तंत्रावर पेटंट! म्हणून लेम नावाचा एन्कोडर वेगळा उतरवून घ्यावा लागे. नवखे वाचक नेमके इथेच अडायचे. २०१७ मध्ये एमपीथ्रीचा पेटंट-परवाना कार्यक्रम बंद झाला आणि त्यानंतर लेम ऑडॅसिटीतच मिळू लागला.

आता २०२१. म्यूज ग्रुपने ऑडॅसिटी ताब्यात घेतली. मे महिन्यात वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, ओरड झाली, तो मागे घेतला गेला. जुलैमध्ये नवं गोपनीयता धोरण आलं आणि त्यात १३ वर्षांखालच्या मुलांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये असं कलम होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी आजीच्या गोष्टी रेकॉर्ड करणाऱ्या मुलीचं काय? आणि जीपीएल तर वापरणाऱ्यावर अशी अट घालूच देत नाही. कंपनीने पुढे धोरणाची भाषा बदलली. तोवर काही प्रोग्रामरांनी तोच खुला कोड उचलून टेनॅसिटी नावाचा वेगळा फाटा काढला होता. नाव मालकाकडे गेलं, पण आधीच वाटून झालेला कोड परत मागायची सोय जीपीएलमध्ये नाही.