दूरचा खेळ आणि घरचे घड्याळ

परमुलखात गेलेल्या माणसाला घराची ओढ कशाकशाने लागते, या प्रश्नाला आपल्याकडे भाकरी, भाषा आणि देव अशी उत्तरे देण्याची चाल आहे. त्यांत चौथे एक उत्तर घालावे असे आम्हांस वाटते, ते म्हणजे खेळ. अमेरिकन मनुष्य जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात जावो, बेसबॉलच्या मोसमात तो गुणसंख्या विचारल्यावाचून राहत नाही. आपला मनुष्य दुबईत असो वा न्यू जर्सीत, क्रिकेटच्या बाबतीत त्याची गत हीच. या गोष्टीला कोणी इतिहासाचा मान देत नाही. पण आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी घडवली, तिचे मोल कोणी मोजले आणि ती कोणाच्या मालकीची, हे विचारण्याची आम्हांस सवय. दूरच्या खेळाला हेच प्रश्न विचारले, तर त्यातून शंभर वर्षांचा इतिहास निघतो.

५ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात केडीकेए नावाच्या केंद्राने व्यावसायिक बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन प्रथम ऐकवले. वर्णन करणारा हॅरॉल्ड आर्लिन हा वेस्टिंगहाऊस कंपनीतला फोरमन होता. कारखान्यातल्या माणसानेच ही प्रथा सुरू केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. संघांच्या मालकांना मात्र ती रुचली नाही. घरबसल्या फुकट ऐकावयास मिळाले तर तिकीट कोण काढील, ही त्यांची धास्ती. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तर १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे आपसांत करार करून नभोवाणीला मैदानाबाहेर ठेवले. त्याच १९३४च्या सुमारास मुंबईत बॉबी तल्यारखान यांनी क्रिकेटचे धावते वर्णन सुरू केले होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. संस्थानच्या नभोवाणीची केंद्रे दोन, एक हैदराबादेस आणि दुसरे आपल्या या शहरात. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० साली ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या औरंगाबादेस आकाशातून आवाज येऊ लागला तो असा, प्रथम राज्यकर्त्याच्या हातून.

अमेरिकेतही परदेशी गेलेल्या माणसाला घरचा खेळ ऐकवण्याचे काम प्रथम सरकारनेच अंगावर घेतले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, युद्धखात्याने सैन्यासाठी स्वतंत्र नभोवाणी उभी केली. ४ जुलै १९४३ रोजी, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, लंडनमधून ती बोलू लागली. घरची गाणी, विनोदी कार्यक्रम आणि बेसबॉलचे सामने सैनिकाच्या छावणीत येऊ लागले. १९५४ साली या सेवेच्या नावात दूरचित्रवाणीची भर पडली. जर्मनी, जपान, कोरिया, जेथे जेथे अमेरिकन तळ होते तेथे तेथे अमेरिकन खेळ पोहोचला, आणि शेजारपाजारचे जर्मन व जपानी लोकही ते ऐकू-पाहू लागले. या सेवेत एक विशेष होता. जाहिराती वगळल्या जात आणि त्यांच्या जागी लष्कराच्या सूचना येत. सरकारी पैशाने चाललेल्या सेवेत व्यापाऱ्याची जाहिरात नको, असा त्यामागचा हिशेब.

सैनिकाची अशी बडदास्त राखली गेली. पोटासाठी परदेशी गेलेल्या मजुराची मात्र कोणी राखली नाही. कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या परक्या जहाजांवर राबले. १९७०नंतर तेलाचा पैसा वाढला तसे गवंडी, सुतार, वीजतंत्री आखाताकडे निघाले. त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारने नभोवाणी उभारली नाही. ती उणीव भरली शारजाच्या अब्दुल रहमान बुखातिर या उद्योगपतीने. १९८४पासून त्याने वाळवंटात क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने भरवले. तेथील सुटीचा वार शुक्रवार, म्हणून मोठे सामने शुक्रवारी असत. मैदान भरे ते भारत-पाकिस्तानातून आलेल्या श्रमिकांनी. १८ एप्रिल १९८६ रोजी जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तोही शुक्रवारच होता. त्या षटकाराचे दुःख आपल्याकडे फार उगाळले जाते. मजुराच्या सुटीचा वार पाहून सामन्याची तारीख ठरत होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या गावी राहून परदेशातला सामना ऐकणाऱ्यांची कथा निराळी. २४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला नमवले, चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, आणि हे सारे रेडिओला कान लावून बसलेल्या लोकांपर्यंत आवाजानेच पोहोचले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी धावते वर्णन मराठीत आणले, त्यामुळे इंग्रजी न जाणणारा श्रोताही खेळात सामील झाला. भाषेमुळे मैदानाचे दार किती जणांना उघडते, हे आम्हांस सभांमधून चांगले ठाऊक आहे. मागणी इंग्रजीत टाईप केलेली असेपर्यंत ती पुढाऱ्याची असते; मराठीत वाचून दाखवली की ती सगळ्या खात्याची होते.

१८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रण झाले नाही. त्याचा दोष बीबीसीच्या कर्मचाऱ्यांच्या संपावर ढकलण्याची रीत पडली आहे. पण त्याच दिवशी विश्वचषकाचे आणखी तीन सामने होते. वेस्ट इंडीज आणि ऑस्ट्रेलिया लॉर्ड्सवर खेळत होते, यजमान इंग्लंड पाकिस्तानशी मँचेस्टरला खेळत होते. भारत-झिंबाब्वे सामना त्या दिवशी महत्त्वाचा मानावा, असे कोणाला वाटणार होते? कॅमेरा जातो तो ज्याची किंमत अगोदर ठरलेली असते तेथे. संपकऱ्याच्या माथी मारलेल्या प्रत्येक दोषाची अशी उलटतपासणी करावी, एवढेच आमचे म्हणणे.

यानंतर चित्राचे युग आले. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२चे. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंग आले, आणि पाठोपाठ लघुशक्ती प्रक्षेपकांनी चित्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. या युगाशी आपल्या शहराचे नाते पाहणाऱ्याचे होते, तसेच करणाऱ्याचेही होते. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा पसारा याच भागात वाढला, आणि पैठण रस्त्यावर चितेगावला दूरचित्रवाणी संच तयार होऊ लागले. मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतून आलेल्या पोरांनी डाग देऊन जोडलेल्या संचांवर देशाने जगाचे खेळ पाहिले. २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरी कायद्याच्या कारवाईत गेली. खेळाच्या इतिहासात फलंदाजांची नावे राहतात. संच जोडणाऱ्यांची हजेरीपत्रके कोठेच राहत नाहीत.

जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध पेटले तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएन ही अमेरिकन वृत्तवाहिनी दिसू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाले. ते ज्या एशियासॅट-१ उपग्रहावरून येई त्याचे चरित्र मोठे मौजेचे आहे. हा मूळचा अमेरिकन उपग्रह वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४मध्ये तो चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी तो पकडून जमिनीवर आणला. दुरुस्त होऊन तो विकला गेला, आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी अग्निबाणाने पुन्हा आकाशात चढवला. अशा या डागडुजी केलेल्या यंत्रातून आमच्या गल्लीबोळांत अमेरिकन मालिका आणि खेळ उतरले. वाळूजच्या खोल्यांत चार-चार जण मिळून राहणाऱ्या पोरांना राज्याच्या मंत्रिमंडळातल्या खात्यांपेक्षा अमेरिकन पहिलवानांची नावे अधिक पाठ होती. परदेशात न जाता परदेशच घरात आला होता, केबलवाल्याच्या महिन्याच्या वर्गणीत.

आता खेळणाऱ्याकडे वळू, कारण तोही श्रमिकच. १९६६ साली अमेरिकन बेसबॉलपटूंनी आपल्या संघटनेचे काम मार्विन मिलर यांच्याकडे सोपवले. ते पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ. १९६८ साली त्यांनी मालकांशी पहिला सामुदायिक करार केला आणि किमान वार्षिक वेतन ६ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेले. १९७२ साली खेळाडूंनी संपही केला. १९९४च्या संपात तर वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. क्रिकेटमध्ये हा बदल उलट्या वाटेने आला. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील केरी पॅकर यांना आपल्या वाहिनीसाठी प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. ते मिळेनात, म्हणून त्यांनी जगातले नामांकित खेळाडूच कराराने बांधले. खेळाडू गेले, कारण मंडळे त्यांना तुटपुंजे पैसे देत होती. तेथे संघटनेने मालकाला नमवले, येथे एका मालकाने दुसऱ्याला. खेळाडूचे वेतन दोन्हीकडे वाढले, पण करार करण्याचा अधिकार हाती आला तो पहिल्याच ठिकाणी.

मालकीचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात सुटला. नोव्हेंबर १९९३च्या हीरो चषकाचे प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिले. सरकारचे म्हणणे असे की, आकाशात चित्र सोडण्याचा मक्ता आमचा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले महाराष्ट्रीय होते. निकालाचे सार असे की, रेडिओलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचा मक्ता नाही, आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा म्हणून स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेचे नियंत्रण हवे. सरकारचा मक्ता गेला, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. आकाश लोकांचे, हा उरलेला भाग मात्र विसरला गेला. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. पण २०१७च्या निकालाने ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरते राहिले, केबलवाल्यांकडे जाणे थांबले.

शेवटी घड्याळाची गोष्ट. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात सकाळी ११ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन होतात, म्हणजे दुसरी पाळी यंत्रावर उभी राहण्याची वेळ. वेस्ट इंडीजमधला सामना रात्र खातो, ऑस्ट्रेलियातला पहाट. झोप गमावून यंत्रावर उभा राहणारा मनुष्य बोट गमावतो, हे कोणत्याही जुन्या कामगाराला विचारावे. १२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कजवळ नासाऊ येथे भारत आणि अमेरिका यांचा सामना झाला. अमेरिकेकडून मुंबईत वाढलेला, तेथे संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारा सौरभ नेत्रावळकर गोलंदाजी करत होता. त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले. तो सामना तेथील सकाळी साडेदहाला सुरू झाला, बुधवारी, कामाच्या दिवशी. कारण तेव्हा भारतात रात्रीचे आठ वाजलेले असतात. शारजात मजुराची सुटी पाहून वार ठरे. न्यूयॉर्कला जाहिरातदाराचा ग्राहक पाहून तास ठरला. तेथे राहणाऱ्या आपल्या माणसाने कामावर खाडा करून मैदान गाठले, आणि येथला रात्रपाळीवाला नेहमीप्रमाणे मुकला.

आम्ही खेळ पाहू नये असे सांगणारे नव्हेत. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी आमच्या चळवळीने दीडशे वर्षांपूर्वी केली. तिच्या तिसऱ्या भागात खेळ पाहणेही येते. म्हणून तीन गोष्टी मागाव्या असे आम्हांस वाटते. राष्ट्रीय सामने कोणत्याही पडद्यावर विनामूल्य दिसावेत, कारण आकाश आपले आहे. मोठ्या सामन्यांच्या दिवशी पाळी आपसांत बदलून घेण्याची सोय करारात लिहिलेली असावी. ती मुकादमाच्या मर्जीवर नसावी. आणि पडद्यावर जे दिसते ते जोडणारे, उभारणारे, वाहून आणणारे हात कोणाचे, याची नोंद कोणीतरी ठेवावी. तिसरे काम सरकारला सांगण्याची गरज नाही. आपल्या शहरात अशी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याइतका वेळ आपण काढला पाहिजे.