दुसरा अर्ज

आमच्या पदवीच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुली अशा असतात, की ज्या बरोबरीच्यांपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या असतात. विचारले तर थोडे आढेवेढे घेऊन सांगतात : बारावीनंतर मेडिकलसाठी 'रिपीट' केले होते. कुणी एकदा, कुणी दोनदा. यादीत नाव लागले नाही आणि मग घरच्यांनी कलाशाखेत नाव घातले. काही वर्षांपूर्वी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र शिकवत असताना अशाच एका मुलीने प्रश्न केला, "आनंदीबाईंना पहिल्याच अर्जात प्रवेश मिळाला का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे नंतर लक्षात आले.

उत्तर सरळ आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने १८८३ मध्ये आनंदीबाईंना प्रवेश दिला. त्यापूर्वी गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांकडे मदत मागणारे पत्र लिहिले होते आणि त्याला धर्मांतराचा सल्ला हे उत्तर मिळाले होते. पण तो महाविद्यालयाने दिलेला नकार नव्हे. ते महाविद्यालय मुळात स्त्रियांसाठीच १८५० मध्ये निघालेले. 'स्त्री आहे म्हणून नाही' असे तेथे कुणी म्हणणारच नव्हते. काशीबाईंच्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'पर्यंत आपण ही कथा एका दांपत्याच्या जिद्दीची म्हणून वाचत आलो, आणि ती तशी आहेही. परंतु ज्या दारावर स्त्रियांना मज्जाव होता, त्याच दारावर एकदा नकार घेऊन पुन्हा जाणाऱ्यांची कथा वेगळी आहे. ती स्कॉटलंडमध्ये घडली, आणि आडवाटेने का होईना, मुंबईपर्यंत येऊन पोचली.

सोफिया जेक्स-ब्लेक ही इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरातली मुलगी. अमेरिकेतील मुलींच्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी म्हणून ती तिकडे गेली आणि बॉस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करता करता तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. १८६७ मध्ये सूझन डिमॉक या मैत्रिणीबरोबर तिने हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात प्रवेश मागितला. महिन्याभराने उत्तर आले. विद्यापीठाच्या कोणत्याही विभागात स्त्रियांच्या शिक्षणाची तरतूदच नाही, असा त्याचा आशय. या उत्तरात अर्जदाराच्या लायकीविषयी चकार शब्द नाही. अशा नकाराला उत्तर देता येत नाही, कारण त्यात वाद घालण्याजोगे काही ठेवलेलेच नसते. पुढच्या वर्षी वडील वारले आणि ती मायदेशी परतली.

मार्च १८६९ मध्ये तिने एडिंबरा विद्यापीठाकडे अर्ज केला. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. लंडन विद्यापीठाची सनदच अशी होती की तिथे विचारण्यात अर्थ नव्हता; स्कॉटलंडमधले वातावरण त्या मानाने मोकळे. वैद्यकशाखेच्या प्राध्यापकांनी आणि पाठोपाठ सेनेटने अनुकूल मत दिले. इंग्रजीचे प्राध्यापक आणि मिल्टनचे चरित्रकार डेव्हिड मॅसन तिच्या बाजूने उभे राहिले, हे आम्हा साहित्याच्या मंडळींनी थोड्या अभिमानाने नोंदवायला हरकत नाही. विरोधकांत अग्रभागी होते विषशास्त्राचे नामवंत अभ्यासक रॉबर्ट ख्रिस्टिसन. विद्यापीठाच्या वरच्या मंडळाने, म्हणजे युनिव्हर्सिटी कोर्टाने, सेनेटचा निर्णय फिरवला. कारण दिले ते असे की, एकट्या एका स्त्रीसाठी विद्यापीठाला वेगळी व्यवस्था करता येणार नाही.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत वाचनीय वाक्य हेच. हार्वर्डच्या उत्तरात दार बंद होते. इथे दार बंद करणाऱ्याने कडी कुठे आहे ते सांगून टाकले. स्त्रियांना शिकवणे गैर आहे असे म्हणण्याची मंडळाची तयारी नव्हती, म्हणून त्याने सोयीची सबब शोधली. सबबीचा धोका असा, की समोरचा ती खरी मानून चालू शकतो. जेक्स-ब्लेकबाईंनी तेच केले. एकीसाठी जमत नाही ना, मग अधिक जणी आणते! त्यांनी 'द स्कॉट्समन' आणि इतर वर्तमानपत्रांतून सोबतिणी मिळवण्यासाठी आवाहन केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुसरा अर्ज गेला तो पाच जणींच्या वतीने : सोफिया जेक्स-ब्लेक, ईडिथ पेची, इझाबेल थॉर्न, मटिल्डा चॅप्लिन आणि हेलन इव्हान्स. पुढे दोघींची भर पडून त्या सात झाल्या.

पहिल्या आणि दुसऱ्या अर्जांच्या दरम्यान अर्जदाराची गुणवत्ता वाढली नव्हती. तेवढ्या काळात ती वाढणारही नव्हती. बदलले ते अर्जाचे वचन : एकवचनाचे बहुवचन झाले. (व्याकरण शिकवणाऱ्यांना हा दृष्टान्त फुकट मिळाला आहे.) आजचे शिकवणीवर्ग दुसऱ्या प्रयत्नाचा एकच अर्थ मुलांच्या मनावर बिंबवतात, तो म्हणजे तू कमी पडलास, आता वर्षभर अधिक घोट. पुष्कळदा ते खरेही असते. पण नकार वाचायचा असतो, नुसता सोसायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

या पाच जणींपैकी ईडिथ पेची आपल्याला अधिक जवळच्या. एसेक्समधल्या एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची ही मुलगी घरोघरी शिकवणीचे काम करीत होती, वय तेवीस. या धाडसात सामील होण्यापूर्वी तिने जेक्स-ब्लेकबाईंना पत्र लिहून विचारले, की बेताची बुद्धी आणि बऱ्यापैकी चिकाटी यांपलीकडे यशासाठी आणखी काही लागते का? तेवढे आपल्यापाशी आहे, विषयांची ओढही आहे, ज्ञान मात्र फारसे नाही, अशी प्रांजळ कबुलीही तिने दिली. इझाबेल थॉर्न यांची वाट वेगळी. त्या संसारी, मुलाबाळांच्या. शांघायमध्ये राहत असताना त्यांचे एक मूल दगावले होते. चीन-हिंदुस्थानातल्या बायकामुलांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची खूणगाठ तिथली.

दुसरा अर्ज मंजूर झाला. ऑक्टोबर १८६९ मध्ये प्रवेशपरीक्षेला १५२ उमेदवार बसले आणि पहिल्या सात जागांपैकी चार या स्त्रियांनी मिळवल्या. मंजुरीच्या शर्ती मात्र बारकाईने पाहण्याजोग्या. स्त्रियांचे वर्ग वेगळे भरावेत. ते घेण्याची मुभा प्राध्यापकांना आहे, सक्ती नाही. आणि वर्ग लहान म्हणून शुल्क अधिक. म्हणजे प्रवेश मिळाला, पण शिकवणारा आपला आपण शोधायचा!

त्या शर्तीचा काच लवकरच कळला. १८७० च्या रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदाच बसलेल्यांमध्ये पेचीबाई पहिल्या आल्या. रिवाजाप्रमाणे 'होप' शिष्यवृत्ती त्यांची. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी ती खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला दिली. सबब अशी की स्त्रिया वेगळ्या वर्गात शिकल्या. वेगळा वर्ग ही विद्यापीठाचीच अट होती, हे इथे आठवावे. १८ नोव्हेंबर १८७० रोजी सर्जन्स हॉलमधल्या शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला या स्त्रिया निघाल्या, तेव्हा दोनशेहून अधिक लोकांच्या जमावाने वाट अडवली, चिखलफेक केली, तोंडावर फाटक लावून घेतले. पुढे परीक्षा चालू असता कुणी एक मेंढी आत सोडली. ती राहू द्या, तिला बाहेरच्यांपेक्षा अधिक अक्कल आहे, अशा अर्थाचे अध्यापक हँडिसाइड बोलल्याचे सांगतात. हा प्रसंग सर्वत्र रंगवून सांगितला जातो. आम्हाला मात्र त्याहून क्रूर वाटतो तो १८७३ चा न्यायालयीन निकाल.

पदवी मिळावी म्हणून स्त्रियांनी विद्यापीठावर दावा लावला होता. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने बहुमताने निवाडा दिला, की पदवी देण्यास विद्यापीठ बांधील नाही. मुळात या स्त्रियांना प्रवेश देण्याचाच अधिकार त्याला नव्हता. म्हणजे दुसऱ्या अर्जाला मिळालेला होकार हीच चूक ठरली. चार वर्षांचा अभ्यास, जास्तीचे शुल्क, चिखल, सगळे एका चुकीच्या मंजुरीच्या खात्यावर जमा झाले. नापास होणे आणि पास होऊनही आपण कधी बसलोच नव्हतो असे ऐकणे, यांतले अंतर शब्दांत मांडणे कठीण आहे.

पुढचे अर्ज आता भराभर सांगतो. १८७४ मध्ये जेक्स-ब्लेकबाईंच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांची वैद्यकीय शाळा निघाली. पण परीक्षा घेऊन परवाना देणारे कुणी नव्हते. तेव्हा जेक्स-ब्लेक, पेची आणि थॉर्न या तिघींनी इंग्लंडच्या शल्यविशारदांच्या मंडळाकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. कायद्याने अडवता येईना, म्हणून १८७६ मध्ये परीक्षकांनी राजीनामेच दिले! त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून परवाना देणाऱ्या संस्थांना स्त्रियांना परीक्षेस बसवण्याची मुभा दिली. (पुन्हा मुभाच, सक्ती नाही.) पहिली पुढे आली ती आयर्लंडची संस्था. जानेवारी १८७७ मध्ये पेची आणि जेक्स-ब्लेक यांनी बर्नला एम. डी. मिळवली आणि मे महिन्यात डब्लिनचा परवाना.

आता मुंबई. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रिज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभा केला होता. लीड्समध्ये व्यवसाय करणाऱ्या पेचीबाईंना त्यांनी बोलावले. १८८३ च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले होते; १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले आणि ते पेचीबाईंच्या हाती आले. बालविवाहाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या हिंदूंपुढे १८९० मध्ये केलेले भाषण छापलेही गेले.

याच मुंबईत दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर दावा लावला होता. नांदायला जा किंवा तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ मध्ये झाला आणि १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या सुटल्या. आपल्याकडे रखमाबाईंचे नाव निघाले की चर्चा या खटल्यापाशी थांबते. पण त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत पेचीबाई होत्या. रखमाबाईंनी वैद्यकी शिकावी यासाठी त्यांनी उत्तेजन दिले आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या त्या जेक्स-ब्लेकबाईंच्या पुढाकाराने निघालेल्या त्याच शाळेत. तिथे मानद कार्यवाह होत्या इझाबेल थॉर्न. १८६९ च्या उन्हाळ्यातल्या अर्जावरच्या पाच नावांपैकी एकीने मुंबईतून पाठवणी केली, दुसरी लंडनच्या शाळेचा कारभार पाहत होती. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, १८९५ पासून सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. रखमाबाईंवरच्या लेखनात थॉर्नबाईंचे नाव ठळकपणे यावे असे आम्हाला वाटते. एखाद्या विद्यार्थिनीने हा धागा हाती घेतला तर हवाच आहे.

एडिंबरा विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९२ मध्ये. पेचीबाई १९०८ मध्ये वारल्या, जेक्स-ब्लेकबाई १९१२ मध्ये. जुलै २०१९ मध्ये विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर वैद्यकीय पदव्या दिल्या. त्या स्वीकारायला व्यासपीठावर गेल्या तिथेच शिकणाऱ्या आजच्या सात विद्यार्थिनी.

वर्गात प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे एम. ए. मराठी झाली. तिला तेव्हा हे उत्तर देता आले नव्हते.