नटीचा चरित्रपट : चेहरा कोणाचा, जात कुठे गेली?

अभिनेत्री किंवा कलावंत स्त्रीच्या आयुष्यावर चित्रपट निघतो, तेव्हा चर्चा नायिकेच्या दिसण्यावर आणि गाण्यांवर होते. आम्हाला आणखी दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ही बाई कोणत्या समाजातून आली, हे पडद्यावर दिसते का? आणि गोष्टीच्या मध्यभागी तीच राहते का?

मराठीतले ठळक उदाहरण हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचे. मूळ नाव रतन साळगावकर, घराणे कलावंतिणींचे. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटांत त्यांनी तमाशातली स्त्री साकारली. त्यांच्या आत्मकथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायिकेची आजी देवदासी परंपरेतली गायिका आहे, हे 'भूमिका'ने लपवले नाही. मुलीची कमाई सगळ्यांना हवी, पण तिला प्रतिष्ठा द्यायला कोणी तयार नाही, हे दुखणे त्यामुळेच नीट कळते.

केरळच्या पी. के. रोझी यांची कथा अधिक कठोर आहे. मल्याळममधल्या पहिल्या मूकपटाच्या या दलित नायिकेने नायर स्त्रीची भूमिका केली, म्हणून सवर्ण प्रेक्षकांनी दंगा केला आणि तिला गाव सोडावे लागले. २०१३ च्या 'सेल्युलॉइड'मध्ये ती दिसते, पण चित्रपटाचा नायक आहे दिग्दर्शक जे. सी. डॅनियल. चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने तिच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला, तेव्हा ती खऱ्या अर्थाने मध्यभागी आली.

आता प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यावरील 'ईठा' या हिंदी चित्रपटात मुख्य भूमिका श्रद्धा कपूर यांची आहे. विठाबाई मातंग समाजातल्या. 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' हे त्यांचे पूर्ण नाव. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवलेल्या या कलेचे तमाशापट गाजले, पण त्यांच्या नायिका बहुधा सिनेमातल्याच राहिल्या.

भूमिका त्याच जातीच्या नटीने करावी, असा आमचा हट्ट नाही. स्मिता पाटील यांचे काम कोण नाकारेल? पण नावातला 'मांग' गाळू नये, संहिता लिहिताना समाजातल्या जाणकारांना विचारावे आणि फडावरच्या कलावंतांना नाव, मानधन व काम मिळावे, एवढी मागणी रास्त आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या तरुणांना हे वेगळे सांगायला नको. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद भरली होती. त्या वारशाने पाहिले तर विठाबाईंची ओळख जपणे हे एकट्या मातंग समाजाचे काम उरत नाही. जयंती मंडळांनी एका संध्याकाळी 'भूमिका' दाखवावा, त्यावर चर्चा घ्यावी आणि जवळपासच्या जुन्या तमाशा कलावंतांना श्रोत्यांत न बसवता व्यासपीठावर बोलवावे. त्यांच्या तोंडून ऐकलेले मोबाइलवर नोंदवून ठेवावे. पुढचा चरित्रपट कदाचित त्यांच्यापैकीच कोणाचा असेल.