पिकाची तहान मोजताना

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. परिसरातील वान धरणाच्या पाण्यावर शेतीबरोबरच शहरांच्या नळांचाही हक्क सांगितला जातो. अशा ठिकाणी पिकाला नेमके किती पाणी लागते, हे ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

जमिनीतून होणारे बाष्पीभवन व पानांवाटे होणारे पर्णोत्सर्जन मिळून पिकाची पाण्याची गरज ठरते. ती मोजण्याचे सोपे साधन म्हणजे बाष्पीभवन पात्र. सुमारे १२१ सेंमी व्यासाचे व २५ सेंमी खोल असे हे उघडे पात्र लाकडी चौकटीवर ठेवतात आणि त्यातील पाण्याची घट रोज मोजतात. पाऊस झाला असल्यास तोही हिशेबात धरतात. ही घट पात्र गुणांकाने (सर्वसाधारणपणे ०.७) व नंतर पीक गुणांकाने गुणली की पिकाची दैनंदिन गरज मिळते.

संत्र्याचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात एखाद्या दिवशी पात्रातील घट १२ मिमी आहे, असे समजा. पूर्ण वाढलेल्या बागेचा पीक गुणांक ०.७ धरल्यास गरज सुमारे ५.९ मिमी येते. एक चौरस मीटरवरील एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर. त्यामुळे ६ × ६ मीटर अंतरावरील झाडास दररोज सुमारे २१० लिटर पाणी लागेल. फेब्रुवारीत घट ६ मिमी असेल, तर १०५ लिटर पुरतील. बहरासाठी बागेला ताण देण्याचा काळ अर्थातच या हिशेबाबाहेरचा.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये ऊन, वारा, तापमान व आर्द्रता यांवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र मांडले. त्याचे सुधारित रूप, पेनमन-माँटीथ सूत्र, जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. हवामान केंद्राच्या नोंदी उपलब्ध असल्यास ते अधिक भरवशाचे.

पंप किती तास चालला, यावरून पाणी देण्याची सवय मात्र महागात पडते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की संत्र्याची मुळे कुजतात, डिंक्या बळावतो. दक्षिणेकडील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर अतिसिंचनाने क्षार वर येतात. वाचलेला प्रत्येक मिलिमीटर हेक्टरी दहा हजार लिटर पाणी धरणात राखतो. त्याचा लाभ शेताला होतो, तसाच शहरालाही.