तळटीप : बोएथियस
१. बोएथियस (इ. स. सुमारे ४८०–५२४) : रोमचा तत्त्वज्ञ; ५१० साली कॉन्सल, पुढे ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारातला वरिष्ठ अधिकारी. आल्बिनस या सेनेटरवर राजद्रोहाचा आळ आला, तेव्हा त्याची बाजू घेताना हा स्वतःच अडकला. देहदंडाची वाट पाहत त्याने कैदेत ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा लॅटिन ग्रंथ लिहिला. गद्य आणि पद्य आलटूनपालटून येणाऱ्या या संवादात तत्त्वज्ञान स्त्रीरूपाने कैद्यासमोर उभे राहते. दैवाचे चाक फिरणारच, मग तक्रार कसली, असे त्यालाच विचारते. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र पश्चिम युरोपात टिकले, तेही बरेचसे याच्या भाषांतरांमुळे.

मराठी वाचकाला येथे मंडाले आठवणारच. टिळकांनी १९१०–११च्या हिवाळ्यात तिथल्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१४ मध्ये सुटका झाली तरी वह्या काही काळ सरकारकडेच अडकल्या होत्या. ग्रंथ निघाला १९१५ साली. हे साम्य मोलाचे आहे, पण फार ताणू नये. बोएथियस दुःखाला उत्तर शोधतो. टिळकांना संन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ हे सिद्ध करायचे होते, आणि तेही बाहेर येऊन पुन्हा कामाला लागण्याच्या तयारीने.