मोळीचा हिशेब

घोटी म्हटले की भातगिरण्या, मुंबई-आग्रा महामार्ग आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस डोळ्यांपुढे येतो. इगतपुरी तालुक्याच्या या पट्ट्यात चूल केवळ अन्न शिजविण्यासाठी नव्हती. पावसाळ्यात ओली वस्त्रे व घोंगड्या तिच्याच धगीवर सुकत आणि पौषातील पहाटे घर तिच्यामुळेच ऊबदार राही. या उबेसाठी लागणारे सरपण 'फुकटचे' मानले जाई. ते खरोखर फुकटचे होते काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१८६५ साली थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीस पोहोचली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी सरकारला लाकूड हवे होते. त्याच वर्षी पहिला भारतीय वन कायदा झाला. पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव वने निर्माण केली. त्यांत ज्या गोष्टीस परवानगी नाही, ती निषिद्ध ठरली. चुलीसाठी आणि भाताच्या रोपवाटिकेतील राबासाठी ज्या रानातून डहाळ्या आणायच्या, तेथेच आता पहारा बसला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्यावर कठोर टीका केली, ती या काळातील. १९३० च्या सुमारास घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या. तेथील इंजिनातली आग विझली, घरातली मात्र तशीच पेटत राहिली.

आता श्रमांचा हिशेब मांडू. समजा, एक स्त्री दिवसाआड वीस किलोंची मोळी आणते. वर्षाला सुमारे एकशे ऐंशी मोळ्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक लाकूड तिच्या डोक्यावरून घरी येते. एका मोळीला अर्धा दिवस धरला, तरी वर्षातील नव्वद दिवस त्यात जातात. शिवाय पावसाच्या चार महिन्यांसाठी लागणाऱ्या साठ मोळ्या मृगापूर्वीच रचून ठेवाव्या लागतात. तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते वाहण्यात कष्ट जातात, जाळताना उष्णता जाते आणि धूर वाढतो. तो धूर जिच्या श्वासात जातो, तीही बहुधा मोळी आणणारीच. श्वसनविकार आणि डोळ्यांची दुखणी हा या सरपणाच्या किमतीचाच भाग होय. घरखर्चाच्या वहीत मात्र यातील एकही रक्कम चढली नाही.

उपाय झाले. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला, पण धुराड्यातील काजळी नियमित काढणे अनेक घरांत जमले नाही. तो २००२ मध्ये संपला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब कुटुंबांत स्त्रीच्या नावे गॅसजोडणी आली. १४.२ किलोंच्या एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढ्यासाठी साध्या चुलीत अंदाजे दोनशे किलो सुके लाकूड, म्हणजे दहा मोळ्या लागतात. इतके असूनही चूल गेली नाही, याचे कारण अडाणीपणा नव्हे. सिलिंडर भरण्यासाठी रोख पैसा एकाच वेळी मोजावा लागतो. मोळीची किंमत मात्र रोजच्या श्रमांतून फेडली जाते, म्हणून ती दिसत नाही. दुसरेही एक कारण आहे. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्याला लागते. उरलेली आपण वाया गेली म्हणतो, परंतु आषाढात घर सुकते ठेवणारी आणि पौषात लेकरांना ऊब देणारी तीच असते. गॅसची शेगडी अन्न शिजवते, पण घोंगडी सुकवत नाही.

म्हणून इंधनाच्या प्रश्नाचा विचार करताना दोन्ही खाती उघडावीत. उबेची गरज खरी आहे, हे मान्य करावे. त्याचबरोबर सिलिंडरच्या भावाची तुलना शून्याशी न करता त्या नव्वद दिवसांशी करावी. ती तुलना झाली, तर घरातील पैसा प्रथम कोठे खर्च व्हावा, याचे उत्तर कुटुंबाला वेगळे सापडेल.